पदवीचं नाव बाजूला ठेवा, पेपर दाखवा

या महिन्यातली बरीचशी पत्रं एकाच वळणाची निघाली. पदवी झाली किंवा होत आली, आता पुढे काय? आणि ते 'पुढे' बहुतेकांच्या लेखी इन्फर्मेशन सिस्टिम्स, सायबर सिक्युरिटी नाहीतर मार्केटिंग कम्युनिकेशन. म्हणून या वेळी अख्खा रकाना त्यांनाच दिला आहे. नव्या वाचकांसाठी सांगते: सहकारी बँका, पतसंस्था, दूध संस्था यांची सॉफ्टवेअरं बसवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आता एका कॉलेजात शनिवार-रविवार शिकवते. त्यामुळे उत्तरांना थोडा दुधाचा आणि थोडा पासबुकाचा वास येणार.

नातू अमेरिकेत 'मास्टर्स इन इन्फर्मेशन सिस्टिम्स' करतोय. गावात कुणी विचारलं की मी 'कॉम्प्युटर शिकतोय' म्हणून सांगतो. तो म्हणतो, "आजोबा, तसं नाही हो." मग कसं?
— एक आजोबा, वाळवा तालुका

आजोबा, उद्या सकाळी गावातल्या दूध संस्थेत जाऊन अर्धा तास उभे राहा. सभासद कॅन घेऊन येतो, आपला नंबर सांगतो. दूध काट्यावर ओतलं की लिटर थेट संगणकात. नमुना यंत्राला लावला की फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घनभाग. दरपत्रकात त्या दोन आकड्यांची गाठ जिथे पडते तो दर उचलला जातो आणि पावती निघते. दहा दिवसांनी बिल, त्यातून पशुखाद्याची उचल आणि पतसंस्थेचा हप्ता वजा.

फॅटचं यंत्र बनवणारा इंजिनिअर वेगळा, प्रोग्राम लिहिणारा वेगळा. पण दरपत्रक बदलायचा अधिकार सचिवाचा की चेअरमनचा? म्हशीचं दूध गाईच्या खात्यावर चढलं तर दुरुस्ती कोण करणार, आणि आधी काय लिहिलं होतं ते नंतर कुणाला दिसणार का? वीज गेली तर वहीत हाताने लिहिलेलं संकलन नंतर कसं चढवायचं, की एकाच माणसाचं दोनदा चढू नये? हे सगळं आधी बसून ठरवणारा माणूस लागतो. तुमचा नातू ते शिकतोय. दरपत्रकाची फाइल रात्रीतून कुणी बदलू नये याचा बंदोबस्त म्हणजे सिक्युरिटी. आणि दूध घातल्यावर सभासदाच्या मोबाइलवर जो मेसेज पडतो तो त्याला कळेल असा लिहिणं, तो त्यालाच जाणं, शेजाऱ्याला न जाणं, हे कम्युनिकेशनवाल्यांचं काम. या तिघांची टेबलं शेजारी-शेजारी असतात, फक्त कॉलेजं वेगवेगळी.

तिकडे अमेरिकेत हा विषय बऱ्याच ठिकाणी व्यवस्थापनाच्या कॉलेजात शिकवतात. अ‍ॅरिझोना विद्यापीठातला हा विभाग १९७४ पासूनचा आहे, आणि तो एलर कॉलेज ऑफ मॅनेजमेंटमध्ये आहे. तेव्हा गावात सांगा, "संस्था कशी चालते ते संगणकात बसवायला शिकतोय." वाळव्यात तरी कुणी पुन्हा विचारणार नाही.

बी.कॉम. झालंय, बारावीला गणित होतं. दोन वर्षं सीएंच्या ऑफिसात टॅली आणि जीएसटीचं काम करते. एमसीए करू की एमबीए सिस्टिम्स? घरचे म्हणतात, एमबीए म्हटलं की वजन पडतं. आम्ही ओबीसी, वडिलांचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे.
— एक वाचक, बार्शी

वजन पडतं ते लग्नाच्या बायोडाटात. तू दोन्ही अभ्यासक्रमांची विषयांची यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून काढ आणि शेजारी ठेव. एमबीएच्या पहिल्या वर्षात अकाउंट्स, अर्थशास्त्र, मार्केटिंग, मनुष्यबळ. त्यातलं निम्मं तू बी.कॉम.ला शिकलीस, उरलेल्यातलं बरंच सीएंच्या ऑफिसात रोज बघतेस. 'सिस्टिम्स' म्हणून जे काही आहे ते नंतरच्या मोजक्या पेपरांत. एमसीएत डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, प्रोग्रामिंग. तुझ्याकडे नेमकं हेच नाही. जे नाही ते विकत घ्यावं, आहे ते पुन्हा कशाला घ्यायचं?

एमसीए आता दोन वर्षांचं आहे. बी.कॉम.वालीला बारावीत किंवा पदवीला गणित असावं लागतं, ते तुला होतं. सुरुवातीला ब्रिज कोर्स करावा लागेल, त्याला घाबरू नकोस. सीईटी सेलची एमसीए-सीईटी द्यायची. परीक्षा साधारण मार्चच्या सुमारास होते, अर्ज त्याच्या दोन-तीन महिने आधी निघतात.

आता फीचं. राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण दोन ठिकाणी मुली अडकतात. प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर सवलत गेली. आणि अभिमत किंवा खाजगी विद्यापीठांना ती लागू नाही. चकचकीत इमारत बघून वडिलांनी तिथे पैसे भरायच्या आधी हे दोन्ही तपासा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर आत्ताच काढून ठेव. जुलैत तहसील कार्यालयात काय गर्दी असते ते बार्शीकरांना मी सांगायला नको.

तुझ्या पत्रातली खरी कामाची ओळ मात्र टॅलीची आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल ठेवणं बंधनकारक झालं. व्हाउचर कुणी टाकलं, कुणी बदललं, कधी बदललं, आधी रक्कम काय होती, हे सगळं त्यात राहतं आणि ते बंद करता येता कामा नये. तुमच्या ऑफिसात तो एडिट लॉग उघडून बघणारी बहुधा तूच असशील. माहिती प्रणालीचं ऑडिट नावाचं जे क्षेत्र आहे त्याचं पहिलं पाऊल तू पगार घेऊन टाकलंयस. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ ला सायबर सुरक्षेची चार पातळ्यांची चौकट घालून दिली. बँक जितकी जास्त डिजिटल सेवा देते तितक्या वरच्या पातळीच्या अटी. सोलापूर जिल्ह्यात नागरी बँकांना तोटा नाही, आणि हिशेबही कळतो नि सर्व्हरही कळतो अशी माणसं त्यांना शोधून सापडत नाहीत.

एमसीए करता करता याच ऑडिटच्या, आयसाका संस्थेच्या सीआयएसए परीक्षेकडे लक्ष ठेव. दीडशे प्रश्न, चार तास. परीक्षा आधी देता येते. प्रमाणपत्र हातात पडायला पाच वर्षांचा अनुभव लागतो, शिक्षणापोटी त्यात काही सूट मिळते. आणि सीएंचं ऑफिस एकदम सोडू नकोस. मार्च-एप्रिलचा तुझा सीईटीचा घोळ त्यांना आधी सांगून ठेव म्हणजे झालं.

मुलगी आयटीतून बी.ई. झाली. तिला सायबर सिक्युरिटीच करायचंय. पुण्यातली एक संस्था 'मास्टर डिप्लोमा इन एथिकल हॅकिंग'चे साडेतीन लाख मागते, नोकरीची लेखी हमी देते. दुसरी काळजी म्हणजे या कामात रात्रपाळी असते म्हणे.
— एक आई, चिपळूण

ती 'लेखी हमी' शांतपणे वाचून काढा. किती पगाराची नोकरी, कोणत्या कामाची, किती महिन्यांत, आणि नाही मिळाली तर पैसे किती दिवसांत परत? यातल्या चारांपैकी तीन गोष्टी लिहिलेल्या नसतील, असं मी न वाचता सांगते. 'नोकरीसाठी साहाय्य' म्हणजे हमी नव्हे. आणि 'मास्टर डिप्लोमा'तल्या 'मास्टर'ला विद्यापीठाच्या पदवीचा अर्थ नसतो.

मुलगी बी.ई. आहे म्हणजे तिच्यापुढे चांगले रस्ते आहेत. पहिला सी-डॅकचा. १९८८ साली पुण्यात सुरू झालेली, 'परम' महासंगणकवाली सरकारी संस्था. तिचा पीजी-डिटिस म्हणून डिप्लोमा आहे: नेटवर्क, सर्व्हर आणि त्यांची सुरक्षा. साधारण सहा महिने, सकाळी बसलं की संध्याकाळी उठायचं असा. सी-कॅट ही प्रवेश परीक्षा वर्षातून दोनदा होते, चुकलेल्या उत्तराला गुण कापतात. फी तुम्हाला सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी. शेवटी सगळ्या केंद्रांच्या मुलांसाठी कंपन्या येतात. हमी कुणी देत नाही, पण कंपन्या येतात.

दुसरा रस्ता राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा, म्हणजे एनएफएसयू. मुख्यालय गांधीनगरला, पण गोव्यात फोंड्यालाही त्यांचा कॅम्पस आहे आणि चिपळूणहून कोकण रेल्वेने तो तुम्हाला मुंबईपेक्षा फार लांब नाही. सायबर सुरक्षा, डिजिटल फॉरेन्सिक्स हे त्यांचे पदव्युत्तर विषय. कुठला अभ्यासक्रम कुठल्या कॅम्पसला, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. पोलीस, न्यायालय, पुरावा या बाजूची आवड असेल तर हे सरस. तिसरा रस्ता गेट देऊन एम.टेक.; गेटच्या गुणांवर प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन असतं.

रात्रपाळीचं खरं आहे. सुरुवातीची नोकरी बहुतेक एसओसीत मिळते, म्हणजे जिथे चोवीस तास पाळ्यांमध्ये कंपनीच्या यंत्रणांवर नजर ठेवतात. सिनेमातलं टोपीवालं हॅकिंग तिथे नसतं. पडद्यावर सूचना येते: अमुक कर्मचाऱ्याने १०.०५ ला पुण्यातून लॉग-इन केलं आणि १०.२० ला त्याच खात्यावर पोलंडमधून. पंधरा मिनिटांत माणूस पोलंडला जात नाही. मग बघायचं, त्याने व्हीपीएन, म्हणजे जागा दुसरीच दाखवणारी जोडणी, लावलाय का? याआधी कधी असं झालंय का? दुसऱ्या लॉग-इननंतर काय उघडलं, ई-मेल पुढे पाठवायचा नवा नियम लावला का? पाचेक मिनिटांत ठरवायचं की खातं बंद करायचं, की त्या गृहस्थांना झोपेतून उठवायचं. शंभरातल्या बहुतेक सूचना फुसक्या निघतात, आणि कंटाळून एक सोडली तर नेमकी तीच खरी. चिकाटी आणि नीट लिहिलेली नोंद, ही या कामाची शिदोरी. लिहिण्याला इथे फार मोल आहे, कारण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अनेक प्रकारच्या घटना कळल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं २०१८ चं प्रकरण मुलीला मुद्दाम वाचायला सांगा. ११ ऑगस्टला, शनिवारी, एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या स्विचच्या जागी हल्लेखोरांनी आपला खोटा स्विच उभा केला होता. खात्यात पैसे आहेत का हे विचारायला निरोप बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोचतच नव्हता, 'मंजूर' असं उत्तर वाटेतच मिळत होतं. अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे निघाले, मग १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोपव्यवस्थेमार्गे हाँगकाँगला आणखी सुमारे चौदा कोटी गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. हे वाचून तिचे डोळे चमकले तर तिने याच वाटेने जावं. झोप आली तर डेटाबेस किंवा क्लाउडकडे वळू दे, त्यातही वाईट काही नाही.

रात्रीच्या पाळीला बऱ्या कंपन्या घरापासून गाडी देतात, सोबत रखवालदार असतो. मुलाखतीत हे विचारायला संकोच नको, आणि तुम्ही नको, तिनेच विचारू दे. वर्ष-दीड वर्षात काम बदललं की पाळ्या कमी होतात.

बी.ए. मराठी. वडील एसटीत कंडक्टर. मी दुकानदारांच्या रील्सचं लिहून देतो, थोडे पैसे मिळतात. मार्केटिंग कम्युनिकेशनमध्ये मास्टर्स करायचं तर माइका, सिम्बायोसिस की साधं विद्यापीठ? मराठीवाल्याला तिथे कुणी विचारतं का?
— एक वाचक, नांदेड

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. एखाद्या पतसंस्थेला सभासदांना मेसेज पाठवायचाय. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. त्यातही मोबाइल काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजतो. 'व्याज' तुला दोन अक्षरांचं दिसतं, तो पाच मोजतो. सत्तरच्या पुढे गेलास की मेसेजचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात फक्त ६७ उरतात. म्हणजे 'आपणांस सविनय कळविण्यात येते की' लिहिणारा माणूस काही सांगायच्या आतच जवळजवळ निम्मा मेसेज खाऊन बसतो. पन्नास हजार सभासदांना एकाऐवजी तीन तुकडे गेले की बिलाचं काय होतं ते तुझं तू मोज.

पुढे अजून आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार संस्थेला आपलं नाव, पाठवणाऱ्याची खूण आणि मेसेजचा मसुदा डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी प्रणालीवर आधी नोंदवावा लागतो. बदलणाऱ्या जागा, म्हणजे तारीख, रक्कम, तेवढ्या रिकाम्या ठेवायच्या. बाकी एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मेसेज अडतो. ऑक्टोबर २०२४ पासून मेसेजमधली लिंकही आधी नोंदलेली लागते. २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या खुणेला शेवटी पी, एस, टी नाहीतर जी लागतं: जाहिरात, सेवा, व्यवहार, सरकारी. तुझ्या मोबाइलवरचे जुने-नवे मेसेज काढून बघ, ओळखू येतील. हे सगळं कशासाठी, तर बँकेच्या नावाने येणाऱ्या खोट्या मेसेजांना आळा बसावा म्हणून. म्हणजे कॉपीरायटरला सिक्युरिटीवाल्याचं म्हणणं कळलं नाही तर त्याची कॉपी बाहेरच पडत नाही. असा मराठी लिहिणारा मला इतक्या वर्षांत एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतका भेटला. बाकीचे इंग्रजी मसुदा भाषांतराला टाकतात आणि मग 'आपल्या मूल्यवान खात्यासह' असलं काहीतरी नांदेडच्या शेतकऱ्याच्या हातात पडतं.

आता कॉलेजं. अहमदाबादची माइका १९९१ पासूनची, या विषयातलं मोठं नाव. तिथे कॅट, झॅट किंवा जीमॅटच्या गुणांसोबत त्यांची स्वतःची माइकॅट परीक्षा. खर्च दोन वर्षांचा वीस लाखांच्या घरात. पुण्याच्या सिम्बायोसिसच्या एसआयएमसी या माध्यमांच्या संस्थेत एमबीएसाठी स्नॅप परीक्षा. तेही स्वस्त नाही. मुंबईत झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स, तिथले डिप्लोमे कामाला जवळचे आहेत. आणि फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट, म्हणजे पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता आणि संज्ञापन विभाग, जिथली फी कंडक्टरच्या पगारात बसते.

माझं मत स्पष्ट आहे. कॅटला खरोखर उत्तम गुण आले तर माइकाचा विचार कर. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असताना आणि हप्ते सुरू होईपर्यंत व्याजात तीन टक्के सवलत. तुझी संस्था त्या यादीत आहे का ते आधी पाहा. तसे गुण नाही आले तर रानडे, आणि जोडीने वेब अ‍ॅनालिटिक्सचा एखादा चांगला ऑनलाइन कोर्स. मधल्या फळीतल्या, दहा-बारा लाख घेणाऱ्या संस्थांच्या वाटेला तू जाऊ नकोस. त्यांच्या माहितीपत्रकाचा कागद फार गुळगुळीत असतो. आणि रील्सवाल्या दुकानदारांकडे विचार, विक्री किती वाढली? आकडा मिळाला तर मुलाखतीत तो सांग, रील दाखवण्याआधी.

माझे बारा यंत्रमाग आहेत. मुलगा पुण्यात आयटी कंपनीत अडीच वर्षं आहे. त्याला अमेरिकेत इन्फर्मेशन सिस्टिम्सला प्रवेश मिळालाय, खर्च ४८ लाख सांगतात. माग विकू का?
— एक वडील, इचलकरंजी

विकू नका. निदान पुढच्या चार गोष्टींची उत्तरं कागदावर मिळेपर्यंत तरी नाही.

तिकडे प्रत्येक अभ्यासक्रमाला एक सरकारी संकेतांक असतो, आणि तो विद्यार्थ्याच्या आय-२० या कागदावर छापलेला असतो. शिक्षण झाल्यावर सगळ्यांना बारा महिने काम करता येतं. पण संकेतांक 'स्टेम', म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित, या यादीत असेल तर आणखी चोवीस महिने. गंमत अशी की 'इन्फर्मेशन सिस्टिम्स' हेच नाव एका विद्यापीठात ११ ने सुरू होणाऱ्या, म्हणजे संगणकाच्या संकेतांकाखाली असतं, दुसऱ्यात ५२ खाली, म्हणजे व्यवस्थापनात. ५२ मधले मोजकेच त्या यादीत आहेत. एका वर्षात ४८ लाख फेडायचे की तीन, हा त्या आकड्याचा प्रश्न आहे. मुलाला आजच विद्यापीठाला ई-मेल करून विचारायला सांगा.

नंतरचा एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा सोडतीवर. वर्षाला ८५ हजार, त्यातले २० हजार तिथे मास्टर्स केलेल्यांसाठी. सप्टेंबर २०२५ पासून बाहेरच्या देशातून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावलं आहे. तिथेच शिकून व्हिसा बदलून घेणाऱ्यांना ते लागू नाही असं तिथल्या खात्याने नंतर स्पष्ट केलं. पण मुलगा पदवी घेऊन एकदा परत आला आणि मग कुणी बोलावलं, तर गणित बदलतं. हे नियम शिकता शिकता आणखी बदलू शकतात, ते जोखमीत धरा.

जर्मनीचा विचार झाला का? म्युन्स्टर विद्यापीठात इन्फर्मेशन सिस्टिम्सचं मास्टर्स इंग्रजीतून आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ घेतात). वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे एकदम काढता न येणाऱ्या खात्यात, आधी दाखवावे लागतात, आणि आपल्याकडून जाणाऱ्यांना एपीएसची कागदपत्र-तपासणी. नोकरीसाठी जर्मन यावंच लागतं, त्यात सूट नाही.

चौथी गोष्ट तुमच्या मुलाला आवडणार नाही. त्याने आहे त्याच कंपनीत सुरक्षा किंवा क्लाउडच्या टीममध्ये बदली मागावी, आणखी दोन वर्षं काम करावं, आणि मग जावं. तिकडे अनुभवी माणसाला नोकरी लवकर लागते, आणि तोवर त्याचे स्वतःचेही काही पैसे साठलेले असतील. तरीही आत्ताच जायचं म्हणाला तर कर्ज त्याच्या नावावर, तुम्ही सहकर्जदार, तारण घराचं किंवा ठेवींचं. जुन्या करपद्धतीत व्याजावर आठ वर्षं प्राप्तिकरात वजावट मिळते, तीही धरा. माग चालू राहिले तर हप्त्याला हात देतील. विकलेत तर चार वर्षांनी त्या किमतीत सहा येतील का, हे मला विचारू नका, तुम्हालाच जास्त कळतं.

म्हापशाच्या एका हॉटेलात मार्केटिंग बघते. वय ३८. ऑनलाइन एमबीए करायचंय, डिजिटल मार्केटिंगमध्ये. मान्यता कशी ओळखायची? आणि पाहुण्यांच्या नंबरांवर व्हॉट्सअ‍ॅप ऑफर पाठवतो, ते चालतं ना?
— एक वाचक, गोवा

यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं आणि त्या अभ्यासक्रमाचं, दोन्हींचं नाव त्या वर्षाच्या यादीत हवं. विद्यापीठ आहे, अभ्यासक्रम नाही, असंही घडतं. प्रवेशाआधी स्वतःचा डीईबी-आयडी काढावा लागतो. तो न मागता कुणी पैसे मागत असेल तर फोन ठेवून द्या. खिसा बघायचा असेल तर इग्नू.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या एमबीएपेक्षा महाग आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत. खोली घेताना पाहुण्याने नंबर दिला तो खोलीसाठी. ऑफरसाठी वेगळी, स्पष्ट संमती हवी, आणि नको म्हणाला तर ती तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे. चेक-इनच्या फॉर्मवर आधीच टिकमार्क केलेला चौकोन असेल तर तो आजच काढा. मालकांना हा परिच्छेद दाखवा, हवं तर माझं नाव सांगा.

सीईएच की ओएससीपी?
— एक वाचक, डोंबिवली

दोन्ही एथिकल हॅकिंगची प्रमाणपत्रं. मूळ सीईएच म्हणजे १२५ पर्यायी प्रश्न, चार तास. ओएससीपी म्हणजे जवळपास चोवीस तास प्रत्यक्ष यंत्रांत शिरायचं आणि पुढच्या चोवीस तासांत अहवाल लिहायचा. स्वतःच्या खिशातून भरणार असाल तर ओएससीपी, तयारी करून. कंपनी पैसे भरत असेल आणि जाहिरातीत सीईएच मागितलं असेल तर सीईएच घ्या, वाद कशाला.

पुढच्या अंकासाठी लिहिताना एवढं जरूर कळवा: बारावीला गणित होतं का, पदवीला किती टक्के, घरचं वार्षिक उत्पन्न, प्रवर्ग, घर सोडून राहायची तयारी आहे का, आणि ज्या कॉलेजाचा विचार चाललाय त्याच्या दुसऱ्या सत्राच्या पेपरांची यादी. ती यादी नसलेली पत्रं या वेळी बाजूला ठेवली आहेत. ती जोडून पुन्हा पाठवलीत तर त्यांना आधी घेईन.